झिजवत जपताना

वाफेच्या इंजिनाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो असं विचारलं, तर बहुतेक लोक घाटातल्या चढाचं नाव घेतात. कुणी वेगाचं घेतं, कुणी मागे जोडलेल्या डब्यांच्या ओझ्याचं. बॉयलरच्या कामात वर्षं घालवलेला माणूस वेगळंच उत्तर देतो: पेटण्याचा आणि विझण्याचा.

थंड इंजिनाच्या फायरबॉक्समध्ये, म्हणजे भट्टीत, आग पेटली की सगळं धातूकाम एका वेळी आणि एका मापाने तापत नाही. फायरबॉक्सच्या भिंती आधी तापतात, त्यांच्यामागून आगीचा धूर पाण्यातून नेणाऱ्या पातळ नळ्या, आणि बाहेरचं जाड कवच अगदी शेवटी. तापलेली नळी लांब व्हायला बघते. पण तिची दोन्ही टोकं प्लेटमध्ये घट्ट बसवलेली, म्हणून ती प्लेटलाच रेटते. फायरबॉक्स तांब्याचा असेल तर आणखी एक भर, कारण तांबं पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. आतली पेटी आणि बाहेरची पेटी यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे शेकडो स्टे असतात. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या सरकल्या की ते सगळे किंचित वाकतात. संध्याकाळी आग काढली की हेच सगळं उलट्या दिशेने होतं. अशा प्रत्येक फेऱ्यात धातू थोडा थकतो.

आज वारसा म्हणून जपलेली ही इंजिनं रोजच्या चाकरीत होती तेव्हा ती दिवसेंदिवस गरमच राहायची. एक फेरी संपली की शेडमध्ये आग झाकून ठेवायची, पहाटे पुन्हा फुलवायची. पूर्ण थंड व्हायची ती बॉयलर धुण्याच्या वेळीच. सहलीच्या गाडीचं नेमकं उलट असतं. सुट्टीच्या दिवशी धावायचं आणि मग आठवडाभर गार पडून राहायचं. त्यामुळे ‘आठवड्यातून एखाददोन दिवस तर चालतं, मग झिजणार कशाने?’ हा प्रश्न कितीही साहजिक वाटला तरी हिशेब तसा नसतो. मागच्या पिढीतल्या मालगाडीच्या इंजिनापेक्षा या इंजिनाचे किलोमीटर फार थोडे, पण दर किलोमीटरमागे सोसलेलं तापणं-निवणं कितीतरी जास्त.

वारसा म्हणून जपलेली रेल्वे मला ओढून घेते ती या पेचामुळे. तिथे जपण्याची रीत चालवण्याची आहे, आणि चालवलं की झिजतं. जी वस्तू पुढच्या पिढीला द्यायची, तीच दर फेरीला थोडी थोडी खर्च करायची. हे जाणून, मोजून, नोंदवहीत लिहून करायचं. फलाटावर गाडी येते तेव्हा चकाकणारं पितळ आणि ताजा रंग दिसतो. त्यामागे हा खर्च कुणीतरी बारकाईने सांभाळत असतं, आणि हा लेख त्या सांभाळण्याबद्दल आहे.

सहलीच्या गाडीची सकाळ खरं तर आदल्या दिवशी सुरू होते. आधी पाणी. काडी ओढण्यापूर्वी गेज ग्लासमध्ये, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसतंय का, आणि दिसतंय ते खरं आहे का की काचेत नुसतं अडकून राहिलंय, हे नळ उघडून बघायचं. मग भट्टीच्या दारातून आत शिरायचं. अंग चोरून, हातात दिवा घेऊन नळ्यांची टोकं बघायची, स्टेंची डोकी बघायची, छतातला फ्युजिबल प्लग बघायचा. हा प्लग म्हणजे आत शिसं भरलेला एक छोटा बोल्ट. पाणी छताखाली उतरलं तर शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत उतरून धोक्याची वर्दी देते. सगळं कोरडं असलं, कुठे पांढरट ओघळ नसला, तर बाहेर यायचं. जाळीवरची जुनी राख काढायची, स्मोकबॉक्समधली, म्हणजे पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीतली, काजळी उपसायची. मग लाकूड, तेलात भिजवलेल्या चिंध्या, आणि थोडा थोडा कोळसा.

आणि मग थांबायचं. या कामातलं सगळ्यात अवघड काम हेच, असं मला वाटतं. ब्लोअर, म्हणजे आगीला ओढ देणारा झोत, जोरात सोडून आग भडकवता येते, दोन तास वाचतात. त्याची किंमत नळ्यांच्या मुळाशी गळती होऊन चुकती होते. बॉयलरच्या पाठीवर हात ठेवावा तर ती गरम लागते, आणि पोटाखाली हात घालावा तर तिथलं पोलाद अजून गारच. ते पोटही कोमट होईपर्यंत घाई करायची नाही, हे नव्या फायरमनला कुणी पुस्तकातून शिकवत नाही. त्याचा हात धरून आधी वर टेकवतात, मग खाली.

बॉयलर ठरावीक काळाने धुवावाच लागतो. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात क्षार असतात. वाफ निघून जाते, क्षार मागे उरतात. काही खडकासारखे चिकटतात, काही गाळ होऊन फायरबॉक्सच्या तळाशी साचतात. या थराचा धोका असा, की तो उष्णता अडवतो. आगीच्या बाजूचा धातू आपली उष्णता पाण्याला देऊन स्वतः गार राहतो. मध्ये क्षारांचा थर आला की ते देणं थांबतं आणि धातू त्याच्या सोसण्यापलीकडे तापतो. म्हणून वॉशआउट. इंजिन सावकाश थंड होऊ द्यायचं, धुण्याच्या भोकांचे सगळे प्लग काढायचे, दाबाच्या पाण्याचा पाइप एकेका भोकातून आत घालायचा, लांब सळीने कोपरे खरवडायचे, आणि खालून वाहणारं तपकिरी पाणी नितळ होईपर्यंत हात थांबवायचा नाही. हे काम पूर्ण ओलं, पूर्ण घाण आणि पूर्णपणे न दिसणारं आहे. प्लग परत लावले की बाहेरून काही झाल्याचं कळतही नाही. पण शेडमध्ये काय पाहायचंय असं कुणी मला विचारलं, तर मी वॉशआउटच सांगेन. एखाद्या रेल्वेची नियत तिथे कळते.

पाण्यावर औषधयोजना करता येते, आणि ती नीट केली तर बॉयलरचं आयुष्य खूप वाढतं. अर्जेंटिनाचे अभियंता लिव्हिओ दांते पोर्ता यांनी या विषयावर मोठं काम केलं. वाफेचं युग संपलं असं सगळे म्हणत असताना हा माणूस वाफेचं इंजिन आणखी चांगलं कसं करता येईल यावर आयुष्यभर विचार करत राहिला. त्यांच्या पद्धतीने पाणी राखणाऱ्या वारसा-रेल्वे आज जगात आहेत, आणि त्यांच्या बॉयलरच्या आतल्या भिंती बघितल्या की प्रयोगशाळेतली ती चिकाटी सार्थकी लागली असं वाटतं.

स्टेंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आतल्या आणि बाहेरच्या पेटीमध्ये काही इंचांची जागा असते, तिच्यात पाणी आणि वाफ. दाब दोन्ही भिंतींना एकमेकींपासून दूर ढकलत असतो, आणि स्टे त्यांना धरून ठेवतात. एखादा तुटला तर त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, ते जास्त थकतात, मग तेही तुटू लागतात. म्हणून तुटलेला पहिला स्टे वेळेत सापडणं महत्त्वाचं. जुनी रीत हातोडीची: एकेका स्टेवर टकटक करत जायचं आणि आवाज ऐकायचा. धड स्टे खणखणीत बोलतो, तुटलेला बद्द. दुसरी रीत त्याहून हुशार आहे. स्टेच्या टोकातून मधोमध एक बारीक भोक आधीच पाडून ठेवतात. स्टे आत कुठे चिरला की त्या भोकातून पाण्याची किंवा वाफेची बारीक धार बाहेर येते. आपण तुटलो हे स्वतःच सांगणारा भाग घडवून ठेवायचा, ही कल्पना ज्याला कुणाला सुचली त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे.

हा तपशील किती जिवावरचा आहे हे १६ जून १९९५ रोजी अमेरिकेत दिसलं. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग रेल्वेवर सहलीची गाडी नेणाऱ्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनात पाणी फायरबॉक्सच्या छताखाली उतरलं. उघडं पडलेलं छत तापून मऊ झालं आणि खाली फाटलं. इंजिनावरचे तिघे भाजले. डब्यांमधल्या प्रवाशांना इजा झाली नाही. पुढच्या चौकशीत निघालेलं कारण साधं होतं, आणि म्हणूनच हादरवणारं: देखभाल नीट झाली नव्हती आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारा मार्ग क्षारांनी जवळजवळ बुजला होता. चौकशीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या छताला धरणारे स्टे दोन वेगवेगळ्या प्रकारचे होते, त्यामुळे सगळे एकदम सुटले नाहीत, आणि स्फोट जेवढा होऊ शकला असता तेवढा झाला नाही. कित्येक दशकांपूर्वी कागदावर रेघ मारताना एका अभियंत्याने केलेल्या विचाराने ती तीन माणसं वाचली. आणि त्यांना संकटात लोटणारी वस्तू होती एक न धुतलेली नळी.

त्यानंतर अमेरिकेने वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले. १९९९ साली आलेल्या त्या नियमांनुसार बॉयलर पूर्ण उघडून तपासण्याची मुदत १,४७२ सेवा-दिवस किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी भरेल ते. सेवा-दिवसाची व्याख्या मला फार पटते: भट्टीत आग आहे आणि बॉयलरमध्ये वाफेचा दाब आहे असा कुठलाही दिवस. गाडी धावली की नाही, किती धावली, हे त्यात येतच नाही. इंजिन दिवसभर फलाटावर उभं राहून धूर सोडत बसलं तरी दिवस मोजला जातो. बॉयलर आगीच्या दिवसांनी म्हातारा होतो, हे ज्याने नियम लिहिला त्याला माहीत होतं. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांची मुदत रूढ आहे. मुदत संपली की इंजिन उभं करायचं, बॉयलर चौकटीवरून उचलायचा, नळ्या काढायच्या, पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजायची, खराब तेवढं बदलायचं आणि कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने पाण्याची चाचणी घ्यायची. ही चाचणी पाण्यानेच घेतात, कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. काही फाटलंच तर थोडं पाणी सांडतं आणि विषय संपतो. वाफेने घेतली असती तर विषय तिथे संपला नसता.

आता त्या मूळ पेचाकडे येतो. दर दहा-पंधरा वर्षांनी इतकं सगळं बदलत गेलं तर जुनं काय उरतं, असा आक्षेप घेणारे लोक असतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचं १८२९ सालचं ‘रॉकेट’ संग्रहालयात आहे आणि ते तिथेच असायला हवं. त्याच्या अंगावरच्या खुणा, नंतर केलेले बदल, बुजवलेली भोकं हा एक दस्तऐवज आहे. ते चालवायला काढलं तर सुरक्षिततेसाठी त्यातलं बरंचसं बदलावं लागेल आणि दस्तऐवज पुसला जाईल. लोकांना ते चालताना बघायचं होतं, म्हणून १९७९ मध्ये त्याची चालती प्रतिकृती बांधली. हा मार्ग मला योग्य वाटतो. जगात एकच उरलेलं इंजिन झिजवू नये.

पण सगळी इंजिनं उभी करून ठेवली असती तर एक वेगळी वस्तू हरवली असती. वेल्समधली टॅलिलिन ही अरुंद रुळांची छोटी रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. मूळची दोन इंजिनं १८६० च्या दशकातली, आणि त्यातलं एकच, १८६६ चं डॉलगॉक, चालण्याजोगं. बाकी रुळ गवतात हरवलेले. ज्यांनी ती रेल्वे हातात घेतली त्यांतल्या बहुतेकांना हे काम येत नव्हतं. ते काम करता करता शिकले, शिकलेलं दुसऱ्याला दाखवलं, आणि तिथून हे लोण देशोदेशी पसरलं. ती इंजिनं त्या वर्षी काचेआड गेली असती तर आज त्यांत मूळचं लोखंड जास्त असतं. तापलेला रिव्हेट कुठल्या रंगावर आला की ठोकायचा, नळीचं टोक प्लेटमध्ये किती फुगवायचं, हे जाणणारी माणसं मात्र जवळजवळ नसती. मला लोखंड थोडं गेलेलं चालतं. हे जाणणं गेलेलं चालत नाही.

चाकांचं बघा. मोठ्या इंजिनाचं चाक एकसंध नसतं. मधलं ओतीव चाक वेगळं आणि त्यावर चढवलेली पोलादी टायर वेगळी. टायरचा आतला व्यास चाकापेक्षा केसभर लहान ठेवतात, तिला गोलाकार जाळाने तापवतात, ती फुगली की चाक तिच्यात बसवतात आणि निवू देतात. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना जो जाळ करतात, तीच ही विद्या. मापाचा काटेकोरपणा मात्र मिलिमीटरच्या अंशात. चालून चालून टायरची कडा बारीक होत जाते, रुळावर टेकणारा भाग खोलगट होतो, मग लेथवर चढवून तिचा आकार परत आणतात. दर वेळी थोडी जाडी जाते. एक दिवस जाडी संपते आणि नवी टायर मागवावी लागते, जी बनवणारे कारखाने आता जगात मोजकेच उरलेत. म्हणून शहाणी रेल्वे वळणांवरच्या रुळांना तेल देते. रुळाच्या कडेवरचं ते बोटभर तेल चाकाची वर्षं वाढवतं.

धुऱ्याचे बेअरिंग व्हाइट मेटलचे असतात. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा हा मऊ मिश्रधातू १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट यांनी शोधला. तेल कमी पडलं तर हा धातू स्वतः वितळतो आणि धुरा वाचवतो. झिजायचंच असेल तर स्वस्त आणि बदलता येण्याजोगा भाग आधी झिजावा, हा या यंत्राच्या रचनेतला विचार जागोजागी दिसतो. नवं बेअरिंग ओतल्यावर त्याला धुऱ्याशी जुळवायचं काम हाताचं: धुऱ्याला निळा रंग पातळ लावायचा, बेअरिंग बसवून फिरवायचं, काढायचं, जिथे निळं लागलं तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, आणि पुन्हा. सगळीकडे सारखे निळे ठिपके येईपर्यंत. याला दिवस लागतात. तेल पोचवण्यासाठी लोकरीच्या वाती वळतात, आणि त्या घट्ट वळल्या तर तेल कमी जातं, सैल वळल्या तर वाहून जातं. वात वळता येणारा माणूस शेडमध्ये असणं ही चैन नव्हे, गरज आहे.

सुट्या भागांचं दुकान कुठेच नाही. भाग हवा तर आधी जुनं रेखाचित्र शोधायचं, ते नसेल तर झिजलेल्या भागावरूनच मूळ माप ताडायचं, मग लाकडाचा नमुना, मग ओतकाम, मग लेथ. आटे बहुधा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, १८४१ मध्ये ठरलेले, ५५ अंशांच्या कोनाचे. आजचा मेट्रिक बोल्ट तिथे बसत नाही. हल्ली त्रिमिती स्कॅनरने जुना भाग टिपून त्यावरून साचा छापतात आणि मला ते मनापासून आवडतं. जुन्या वस्तूसाठी जुनीच अवजारं वापरायला हवीत असा हट्ट मी कधी धरला नाही. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘टॉर्नेडो’ हे मोठं एक्सप्रेस इंजिन नव्याने बांधून पुरं झालं, तेव्हा त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगनच्या कारखान्यात बनला, कारण एवढा मोठा बॉयलर बांधण्याची रीत तिथे अखंड चालू राहिली होती. आपल्याकडे निलगिरी पर्वतीय रेल्वेची इंजिनं याहून गुंतागुंतीची. कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, आणि एक्स वर्गाच्या इंजिनाला चार सिलिंडर: दोन नेहमीच्या चाकांसाठी, दोन दात्यांसाठी. मूळची इंजिनं स्वित्झर्लंडची. पुढे त्याच वर्गाची नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने बांधली. दुरुस्ती करता करता एखादा कारखाना अख्खं इंजिन बांधण्याइतका तयार होतो, ही मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. दार्जिलिंगच्या रेल्वेला तिचं तिनधारियाचं वर्कशॉप आहे आणि वेल्सच्या फेस्टिनिओगला बॉस्टन लॉज. अशा जागा नसत्या तर नुसत्या रुळांना कुणी वारसा म्हटलं नसतं.

इथवर मी इंजिनाबद्दलच लिहीत आलो, आणि सगळे असंच करतात. लोक फोटो इंजिनाचा काढतात, देणग्या इंजिनाला देतात, इंजिनाला नाव असतं. डब्याला नंबर असतो. पण प्रवासी बसतो डब्यात, तिकिटाचे पैसे डब्याच्या बाकांवर जमतात, आणि आबाळ सगळ्यात जास्त होते ती डब्याचीच.

लाकडी डबा पाण्याने मरतो. छप्पर लाकडी फळ्यांचं, त्यावर रंगात भिजवून ताणलेलं कॅनव्हास. कॅनव्हासला एक केसाएवढी भेग पडली की पाणी आत येतं, पण जिथे शिरतं तिथे दिसत नाही. फळीच्या सांध्यातून वाहत दोन खिडक्या पलीकडे उतरतं. खिडकी खाली सरकवण्यासाठी दारात जी पोकळी असते तिच्यात पाणी हमखास जातं. त्यासाठी तळाशी भोकं ठेवलेली असतात, ती धुळीने बुजतात, आणि मग दाराचा तळ आणि त्याखालची मुख्य तुळई वर्षानुवर्षं भिजत राहते. बाहेरून पॅनल चकाकतं. रंगाला एक छोटा फोड आलेला असतो, बस. तिथे आरी टोचली की ती विनाअडथळा आत जाते. मग पॅनल काढायचं, सडलेलं लाकूड निरोगी रेषा लागेपर्यंत कापायचं, जुन्या सांध्याच्याच घाटाने नवा तुकडा जोडायचा. हे सुतारकाम इमारतीच्या सुतारकामाहून वेगळं. हा सांगाडा चालताना पिळवटतो, आणि सांधे त्या पिळाला पुरून उरायला हवेत. सागाच्या डब्याला रंगही नसतो, नुसतं वॉर्निश: एक हात, वाळवण, पॉलिश पेपर, पुन्हा एक हात. धूळ उडाली की एक दिवस वाया.

पोलादी डबे सोपे असतील असं वाटतं, पण ते आतून कुजतात. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला दमटपणा ओघळून तळाशी साचतो. शौचालय आणि पाण्याची टाकी असते त्या कोपऱ्यात सर्वांत आधी भोक पडतं. त्यात ब्रिटनच्या मार्क वन डब्यांसारख्या विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कित्येक डब्यांत उष्णतारोधक म्हणून निळा अ‍ॅस्बेस्टॉस फवारलेला होता. तो काढायचं काम परवानाधारक तज्ज्ञांशिवाय कुणी करायचं नाही. उत्साही स्वयंसेवकाला आवरणं इथे अत्यावश्यक असतं, कारण तो धागा एकदा फुप्फुसात गेला की परत येत नाही. जुन्या रंगातल्या शिशाचंही तसंच. कोरडं घासायचं नाही, मुखपट्टीशिवाय हात लावायचा नाही.

ब्रेकबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगतो. जुन्या गाड्यांमध्ये व्हॅक्यूम ब्रेक असतो: नळीतली हवा इंजिन ओढून काढतं तेव्हा ब्रेक सुटलेले राहतात, आणि कुठेही गळती झाली, गाडी मध्येच तुटली, तर हवा आत शिरून ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबावी, हे त्यातलं तत्त्व. ते तत्त्व टिकतं ते सिलिंडरमधल्या रबरी कड्यावर आणि डब्यांमधल्या होजवर, आणि रबर न वापरताही म्हातारं होतं. हंगाम सुरू होण्याआधी एकेका डब्याखाली झोपून हे तपासणारी माणसं असतात. प्रवासी त्यांना कधी बघत नाहीत.

कोळशाचा प्रश्न अलीकडे जवळ आलाय. ब्रिटनमधली शेवटची मोठी खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. प्रत्येक इंजिनाची भट्टी एका ठरावीक प्रकारच्या कोळशासाठी घडवलेली. कोळसा बदलला की जाळी लवकर जळते, नळ्या तुंबतात, फायरमनला आपला हात नव्याने बसवावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या ड्युरँगो-सिल्व्हरटन रेल्वेने वणव्याच्या भीतीने इंजिनं तेलावर आणली, अमेरिकेतल्याच युनियन पॅसिफिक रेल्वेने २०१९ मध्ये ‘बिग बॉय’ ४०१४ हे महाकाय इंजिन पुन्हा उभं केलं तेही तेलावरच. काही शौकिनांना हे रुचत नाही. मला रुचतं. कोळसा गेला तरी बॉयलर, स्टे, वॉशआउट, थांबणं हे सगळं राहतंच.

आणि म्हणूनच एखाद्या रेल्वेकडे थोडे पैसे जमले आणि पुढे काय करावं असा विचार चालला असेल, तर मी दुसऱ्या इंजिनाच्या बाजूने मत देणार नाही. गंजलेलं इंजिन कुठेतरी स्वस्तात मिळतंय, ते आणू, कधीतरी करू, असा मोह प्रत्येक संस्थेला होतो. अशी आणलेली इंजिनं बाजूच्या रुळावर पावसात वर्षानुवर्षं उभी राहतात, त्यांचे भाग चालत्या इंजिनासाठी एकेक करून काढले जातात, आणि शेवटी ती ना चालती राहतात ना जपलेली. पैसे असतील तर ते डब्यांवर छप्पर घालण्यात घालवावेत. साधी, लांबलचक, चारी बाजूंनी वारा खेळता राहील अशी शेड, तळाला पक्की जमीन, मध्ये खड्डा म्हणजे डब्याखाली उभं राहून काम करता येईल. छपराखाली ठेवलेल्या डब्याचं कॅनव्हास उन्हापावसातल्या डब्याहून कितीतरी जास्त टिकतं, सुताराचे हात सडलेलं कापण्याऐवजी नवं शिकवण्याला मोकळे होतात, आणि पावसाळ्यातही त्याच्या शेजारी कुणीतरी पोरगं किंवा पोरगी उभी राहून सांधा कसा बसतो ते बघू शकते. देणगीदाराला पाटीवर नाव हवं असेल तर शेडच्या खांबावर भरपूर जागा असते.